फोनच्या ब्राउझरमध्ये व्हिडिओ कन्व्हर्ट होता होता अडकतो, तेव्हा

“नव्वद टक्क्यांपर्यंत गेलं आणि थांबलं.” “मधेच पान रिफ्रेश झालं, आता परत पहिल्यापासून.” “शंभर टक्के झालं, पण डाउनलोड दाबतोय तर काहीच होत नाही.” “झालं एकदाचं, पण टीव्हीवर आवाजच येत नाही.”

फोनवर व्हिडिओ कन्व्हर्ट करणाऱ्यांच्या तक्रारी फिरून फिरून या चारच असतात. आणि चौघंही एकच उपाय करतात, तो म्हणजे दुसरी साइट शोधणं. तिथेही तेच होतं, कारण दोष बहुतेक वेळा साइटचा नसतोच. फाइलमध्ये काय आहे ते न बघता काम सुरू केलेलं असतं, नाहीतर फोनने ते काम मधेच सोडून दिलेलं असतं. चारही तक्रारींची कारणं वेगळी आहेत, त्यामुळे आपली तक्रार नेमकी कुठली ते आधी ओळखा. खाली लिहिलंय ते अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी आहे. फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आधी फाइलमध्ये डोकावा

एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, वेबएम ही सगळी डब्यांची नावं आहेत. डब्यात चित्र एका कोडेकने, म्हणजे माहिती आवळून भरण्याच्या पद्धतीने, भरलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या कोडेकने. चित्रासाठी नेहमी भेटणारे कोडेक चार: २००३ सालचा एच.२६४, जो जवळपास कुठल्याही टीव्हीवर, फोनवर, जुन्या लॅपटॉपवर चालतो. २०१३ चा एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५, वेबएममध्ये सापडणारा व्हीपी९, आणि २०१८ चा एव्ही१. व्हिडिओ चालत नाही तेव्हा बऱ्याचदा डबा ठीक असतो, आतला कोडेक समोरच्या यंत्राला कळत नसतो.

सगळ्यात जास्त भेटणारा प्रकार आयफोनचा. २०१७ मध्ये आयओएस ११ आलं तेव्हापासून आयफोन ७ आणि त्यानंतरचे फोन, तुम्ही सेटिंग बदललं नसेल तर, एचईव्हीसीत व्हिडिओ घेतात आणि एमओव्हीच्या डब्यात ठेवतात. त्यामुळे टोरांटोहून भाचीने बारशाचा व्हिडिओ पाठवला की तो गावाकडच्या आठ-दहा वर्षं जुन्या टीव्हीवर एकतर दिसतच नाही, किंवा नुसता आवाज येतो आणि पडदा काळा. इथे खरोखर कन्व्हर्ट करावं लागतं. पण तोच व्हिडिओ मोबाइलवरच बघायचा असेल, तर व्हीएलसी हे फुकट प्लेअर ॲप टाका आणि मोकळे व्हा. कन्व्हर्ट करायची काही गरज नाही.

आत काय आहे ते बघायला दोन सोप्या वाटा आहेत. अँड्रॉइडवर व्हीएलसीमध्ये फाइलच्या शेजारच्या तीन टिंबांवर दाबलं की माहिती दिसते. दुसरी वाट दोन्ही फोनवर चालते: मीडियाइन्फोची ऑनलाइन आवृत्ती. ती फाइल ब्राउझरमध्येच वाचते, कुठे पाठवत नाही, आणि फाइल कितीही मोठी असली तरी उत्तर पटकन देते. तिथून चित्राचा कोडेक, आवाजाचा कोडेक, रिझोल्यूशन आणि बिट डेप्थ (रंगांच्या छटा किती बारीक नोंदवल्या आहेत ते) ८ की १० हे टिपून ठेवा. पुढे प्रत्येक ठिकाणी लागणार आहे.

आता महत्त्वाचं. आत एच.२६४ चित्र आणि एएसी हा नेहमीचा कोडेक असलेला आवाज असेल, आणि अडचण फक्त एवढीच असेल की समोरचा फॉर्म “एमपी४च हवं” म्हणतो, तर चित्राला हात लावायचं काहीच कारण नाही. नुसता डबा बदलायचा. याला रीमक्स म्हणतात. काही साइटवर हा पर्याय ‘कॉपी’ किंवा ‘री-एन्कोड (म्हणजे चित्र नव्याने आवळणं) नको’ अशा अर्थाच्या शब्दांत असतो. यात फोन तापत नाही, चित्राचा दर्जा कणभरही कमी होत नाही आणि मोठी फाइलसुद्धा थोडक्यात उरकते. हा पर्याय सगळ्या साइट देत नाहीत. जी देते ती बुकमार्क करून ठेवण्यासारखी. फाइलचं नाव बदलून शेवटी एमओव्हीऐवजी एमपी४ लिहिण्याची युक्ती कधीकधी चालून जाते, कारण एमपी४ची रचना मुळात ॲपलच्या क्विकटाइमवरूनच घेतलेली आहे. त्यामुळे लोकांचा समज होतो की नाव बदललं म्हणजे कन्व्हर्ट झालं. आत एचईव्हीसी असेल तर नाव काहीही ठेवा, जुना टीव्ही तो दाखवणार नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं म्हणून कन्व्हर्ट करत असाल तर थांबा. व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो स्वतः पुन्हा आवळतंच, तुमची मेहनत वाया. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते.

काम फोन करतोय की दुसऱ्याचा सर्व्हर?

हे कळल्याशिवाय पुढचा उपाय ठरत नाही. कन्व्हर्ट करणाऱ्या साइट दोन जातीच्या. एक तुमची फाइल स्वतःच्या सर्व्हरवर चढवून घेते, तिकडे बदलते आणि परत देते. दुसरी फाइल कुठेच पाठवत नाही, तुमच्याच फोनच्या ब्राउझरमध्ये काम करते.

दुसऱ्या जातीच्या पोटात बहुधा एफएफएमपेग असतं. फाब्रीस बेलार यांनी २००० साली सुरू केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर; जगातला व्हिडिओचा केवढा तरी व्यवहार त्याच्यावर चालतो. ते ब्राउझरमध्ये चालावं म्हणून वेबअसेंब्ली या तंत्रात बसवलेलं आहे. काही नव्या साइट वेबकोडेक्स वापरतात, म्हणजे फोनच्या चिपमध्ये व्हिडिओसाठी असलेल्या खास भागाकडूनच काम करून घेतात. ते कितीतरी वेगवान. क्रोममध्ये ही सोय ९४व्या आवृत्तीपासून (२०२१) आहे, सफारीत १६.४ पासून (२०२३). वर्षानुवर्षं अपडेट न केलेल्या ब्राउझरवर अशी साइट उघडली की बटण दबतं, पुढे काही होत नाही. म्हणून सगळ्यात आधी ब्राउझर अपडेट करा. आयफोनवर सफारी अपडेट करायची म्हणजे आयओएसच अपडेट करावं लागतं.

साइट कुठल्या जातीची ते ओळखायची चाचणी सोपी आहे. साइट उघडा आणि आठ-दहा सेकंदांची एखादी क्लिप कन्व्हर्ट करून बघा. मग पान बंद न करता विमान मोड लावा आणि दुसरी छोटी क्लिप द्या. चाललं, तर काम फोनमध्येच होतंय. पहिली क्लिप नेट चालू ठेवूनच करायची, कारण एफएफएमपेगचं इंजिन पहिल्या वापराला डाउनलोड होतं आणि ते सुमारे ३० एमबीचं असतं. नेट हळू असेल तर “सुरूच होत नाही” या तक्रारीचं कारण बहुतेक हेच.

फोनमध्येच काम चालतं आणि मधेच पान रिफ्रेश होतं

ही सर्वात चिवट तक्रार. क्रोममध्ये “ऑ, स्नॅप!” असं पान येतं, आयफोनवर “अ प्रॉब्लेम रिपीटेडली ऑकर्ड” असं काहीतरी येतं, किंवा काहीच न सांगता पान कोरं होऊन नव्याने उघडतं. कारण एकच: मेमरी संपली.

असल्या साइटवर तुम्ही फाइल निवडता तेव्हा ती बहुधा संपूर्ण मेमरीत घेतली जाते. तयार होणारी नवी फाइलही मेमरीतच साठत जाते. म्हणजे ६०० एमबीचा व्हिडिओ दिला आणि त्यातून ३०० एमबीचा तयार होत असेल, तर शेवटाकडे ९०० एमबी आणि त्यावर इंजिनची स्वतःची मेमरी. ४ जीबी रॅमच्या फोनमध्ये अँड्रॉइड आणि बाकीची ॲप्स आधीच ठाण मांडून बसलेली असतात. फोन मग सर्वात जास्त खाणाऱ्या टॅबचाच बळी देतो. शिवाय एफएफएमपेगच्या या ब्राउझरमधल्या रूपाला फाइलसाठी २ जीबीची मर्यादा आहे. १२ जीबी रॅमचा फोन असला तरी त्याच्यापुढे इलाज नाही.

इथे बरेच जण रिझोल्यूशन कमी करून बघतात. ४८०पी निवडलं तर बाहेर पडणारी फाइल लहान होते हे खरं, पण आत जाणारी फाइल तेवढीच राहते. त्यामुळे पान पूर्वी ९५ टक्क्यांवर पडत होतं ते आता कदाचित पूर्ण होईल, पण सुरुवातीलाच पडत असेल तर याचा उपयोग शून्य. खरा उपाय म्हणजे फाइल आत देण्याआधीच कापणं. गॅलरीत, गुगल फोटोजमध्ये, आयफोनच्या फोटोजमध्ये ट्रिमची सोय असतेच. स्नेहसंमेलनाच्या चाळीस मिनिटांच्या चित्रीकरणातून तुम्हाला आपल्या मुलीचा नाच तेवढा हवा असेल, तर आधी तो तेवढा कापा, प्रत म्हणून सेव्ह करा आणि मग कन्व्हर्ट करा. सगळंच हवं असेल तर पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा. कंटाळवाणं आहे, पण होतं.

बाकीचे टॅब बंद करा. इनकॉग्निटोमध्ये हे काम करू नका; तिथे तात्पुरती साठवणही मेमरीतच होते, म्हणजे आधीच्या दुष्काळात तेरावा महिना. आयफोनवाल्यांसाठी एक गोष्ट: सफारीत पडतं म्हणून क्रोम टाकून काही होणार नाही. आपल्याकडे आयफोनवर कुठलाही ब्राउझर घेतला तरी आत सफारीचंच वेबकिट इंजिन असतं, त्यामुळे मेमरीची मर्यादाही तीच.

मेमरी पुरेशी असूनही काम थांबतं, त्याचं कारण बहुतेक स्क्रीन असते. ब्राउझर डोळ्यांआड गेला की फोन त्याचा वेग कमी करतो, आयफोन तर लगेच गोठवतोच. मधेच फोन आला, व्हॉट्सॲप बघायला गेलात, स्क्रीन आपोआप बंद झाली, की झालं. म्हणून डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये स्क्रीन टाइमआउट जास्तीत जास्त ठेवा. आयफोनवर ऑटो-लॉक ‘नेव्हर’ करता येतं, काम झालं की परत बदला. बॅटरी सेव्हर किंवा लो पॉवर मोड बंद करा. अँड्रॉइडवर ॲप्सच्या सेटिंगमध्ये क्रोमच्या बॅटरीसाठी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडता येतं. दुसरं काही बघायचंच असेल तर अँड्रॉइडवर स्प्लिट स्क्रीन करा, म्हणजे ब्राउझर अर्ध्या पडद्यावर का होईना, दिसत राहतो. फोन ‘साफ’ करणारी क्लीनर ॲप्स असतील तर ती तात्पुरती नव्हे, कायमची काढा. हे माझं एरवीचंही मत आहे.

उष्णतेचंही तसंच. व्हिडिओ कन्व्हर्ट करणं हे फोनला जड काम आहे. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. कव्हर काढा, पंख्याखाली ठेवा, गादीवर किंवा उशीवर ठेवू नका. मे महिन्यात चंद्रपुरात दुपारी दोन वाजता हे काम करायला घेऊ नये, एवढंच म्हणतो.

अडकलंय की नुसतं हळू चाललंय?

यातला फरक कळला तर निम्मा मनस्ताप वाचतो. टक्केवारी दोन-तीन मिनिटांनी का होईना पुढे सरकत असेल तर ते चालू आहे. वेबअसेंब्लीतून १०८०पी व्हिडिओ पुन्हा एन्कोड करायला व्हिडिओच्या लांबीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागू शकतो. एकाच फोनवर एक साइट दुसरीपेक्षा कितीतरी वेगवान वाटते, त्यामागे एक जुनी भानगड आहे. २०१८च्या जानेवारीत प्रोसेसरमधली ‘स्पेक्टर’ ही त्रुटी उघड झाली, तेव्हा ब्राउझरांनी एकाच कामाच्या अनेक समांतर तुकड्यांना (थ्रेड्सना) एकच मेमरी वापरू देण्याची सोय काढून घेतली. पुढे ती परत दिली, पण ज्या साइट स्वतःला इतरांपासून वेगळं ठेवण्याच्या विशिष्ट सूचना पाठवतात त्यांनाच. ज्यांनी ते केलंय त्या साइट फोनच्या प्रोसेसरचे अनेक कोअर एकाच वेळी कामाला लावतात. बाकीच्या एकाच कोअरवर दळत बसतात.

९९ टक्क्यांवर थांबणं हा आणखी वेगळा मामला. एमपी४मध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका असते. ती चित्रीकरण संपल्यावर तयार होते, म्हणून शेवटी पडते. व्हिडिओ नेटवरून लगेच सुरू व्हावा म्हणून बरीच साधनं ती उचलून सुरुवातीला आणतात आणि त्यासाठी सगळी फाइल पुन्हा लिहावी लागते. हे चालू असताना टक्केवारी हलत नाही. मोठ्या फाइलला काही मिनिटं द्या. मात्र मेमरीवरचा ताणही नेमका याच वेळी सर्वाधिक असतो, त्यामुळे पान इथेच पडत असेल तर वरचा तुकड्यांचा उपाय लागू होतो.

सर्व्हरवर चढवणारी साइट असेल तर

इथे फोनच्या रॅमचा प्रश्न नाही, प्रश्न अपलोडचा आहे. नेटचा वेग तपासताना आपण डाउनलोडचा आकडा बघून खूश होतो. अपलोडचा बऱ्याचदा त्याच्या काही अंशानेच असतो. ५०० एमबी म्हणजे ४००० मेगाबिट. अपलोड ५ एमबीपीएस असेल तर ८०० सेकंद, म्हणजे सव्वातेरा मिनिटं नुसती चढवायलाच लागतात, आणि तेवढा वेळ स्क्रीन बंद होऊन चालत नाही. मोबाइल डेटावर रोजचा दीड जीबीचा कोटा असेल तर असा एक व्हिडिओ चढवून-उतरवून निम्म्याहून जास्त डेटा संपू शकतो. कोटा संपला आणि वेग ६४ केबीपीएसवर आला, तर उरलेले १०० एमबी चढायला साडेतीन तासांच्या आसपास लागतील. साइट कुठल्याच टप्प्यावर हे सांगत नाही, ती नुसतं चक्र फिरवत राहते.

अशा साइटवर काय चढवायचं याचाही विचार करा. घरातले, लहान मुलांचे, कागदपत्रं दिसतील असे व्हिडिओ अनोळखी सर्व्हरवर टाकू नयेत. “एका तासात डिलीट करतो” हे त्यांनी म्हणायचं आणि आपण मानायचं, पडताळायची सोय नाही. २०२५च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फुकट फाइल कन्व्हर्टरच्या आडून मालवेअर पसरवलं जातंय असा जाहीर इशारा दिला होता. फोनवर त्याची ओळख साधी आहे. व्हिडिओ मागितला आणि उतरलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके (म्हणजे अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाइल) दिसलं, तर उघडू नका, पुसून टाका. पानावर हिरवी, मोठाली तीन-तीन डाउनलोड बटणं असतील तर त्यातली बहुतेक जाहिराती असतात. आणि कन्व्हर्टरने नोटिफिकेशनची परवानगी मागितली तर ती कशाला हवी? नाही म्हणा.

शंभर टक्के झालं, पण फाइल मिळत नाही

हे बहुधा साइट कुठून उघडली त्यावर असतं. इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर कुणीतरी दिलेली लिंक दाबली की ती त्या ॲपच्याच आतल्या छोट्या ब्राउझरमध्ये उघडते. फोनमध्येच तयार झालेली फाइल बाहेर काढून देणं या आतल्या ब्राउझरांना बऱ्याचदा जमत नाही. बटण दबतं आणि काहीच होत नाही. कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबून ‘ओपन इन क्रोम’ किंवा ‘ओपन इन ब्राउझर’ करा. दुर्दैवाने कन्व्हर्ट पुन्हा करावं लागतं, म्हणून हे आधीच बघितलेलं बरं.

आयफोनवर उतरलेली फाइल फोटोजमध्ये शोधू नका. ती फाइल्स ॲपच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये असते. तिथून शेअर करून ‘सेव्ह व्हिडिओ’ दाबलं की फोटोजमध्ये येते. एमकेव्ही किंवा वेबएम केलं असेल तर फोटोज ते घेणारच नाही. अँड्रॉइडवर फाइल्स ॲपमधल्या डाउनलोड्समध्ये बघा. ० केबीची फाइल सापडली तर स्टोरेज भरलंय का ते तपासा. मूळ फाइलच्या दुप्पट-तिप्पट जागा मोकळी असली की निर्धास्त.

उलट बाजूचाही एक घोटाळा आहे. आयफोनवर सफारीतून थेट फोटो लायब्ररीतला व्हिडिओ निवडला की फोन तो आधी स्वतःच आवळतो आणि मग साइटला देतो. “मूळ व्हिडिओ ४केचा होता, कन्व्हर्ट झालेला धुरकट कसा?” याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. व्हिडिओ आधी फाइल्समध्ये सेव्ह करा आणि साइटवर निवडताना ‘चूझ फाइल्स’मधून तो घ्या. आयक्लाउडवर किंवा गुगल फोटोजवर ठेवून फोनमधून काढलेला व्हिडिओ असेल तर तो आधी फोनवर पूर्ण उतरू द्या.

कन्व्हर्ट झाला, पण बिघडला

आवाज गेला असेल तर मीडियाइन्फोत आवाजाचा कोडेक बघा. एमकेव्ही फाइलींमध्ये बऱ्याचदा डॉल्बीचा एसी-३ किंवा डीटीएस असतो. वेबकोडेक्सवर चालणाऱ्या साइटला तो बहुधा उलगडता येत नाही आणि ती मुकाट्याने चित्र तेवढं देते. अशा फाइलसाठी एफएफएमपेगवाली साइट घ्या आणि आवाज एएसी, स्टिरिओ, १२८ केबीपीएस ठेवा. चित्र एच.२६४ असेलच तर ते ‘कॉपी’ करून फक्त आवाज बदलता येतो. काम फार लवकर होतं.

रंग पांढुरके, उडालेले दिसत असतील तर मूळ व्हिडिओ बहुधा एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारा, आहे. आयफोन १२ पासूनचे फोन डॉल्बी व्हिजनमध्ये, १० बिटांत चित्रण करतात. साध्या ८ बिटांत आणताना रंगांचं जे जुळवून घेणं लागतं त्याला टोन मॅपिंग म्हणतात, आणि ब्राउझरमधली पुष्कळ साधनं ते करत नाहीत. साइटवर एचडीआर ते एसडीआर (साधा व्हिडिओ) असा पर्याय असेल तरच रंग सावरतील. पुढच्या चित्रणासाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘एचडीआर व्हिडिओ’ बंद करून ठेवा.

आवाज आणि ओठ जुळत नसतील, आणि फरक शेवटाकडे वाढत गेला असेल, तर कारण फ्रेम रेट आहे. फोन, त्यातही स्क्रीन रेकॉर्डिंग, दर सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम घेत नाही, कमीजास्त करत राहतो. पर्यायांमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ शोधा आणि ३० द्या. व्हिडिओ आडवा झाला असेल तर फाइलमधली “मला फिरवून दाखवा” ही खूण कुठेतरी गळली आहे. आधी गॅलरीत तो एकदा फिरवून, प्रत सेव्ह करून मग कन्व्हर्ट करा.

जुन्या टीव्हीसाठी पेनड्राइव्हवर द्यायचा असेल तर ही जोडणी सहसा हुकत नाही: डबा एमपी४, चित्र एच.२६४, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१, रिझोल्यूशन जास्तीत जास्त १०८०पी, ३० फ्रेम, पिक्सेल फॉरमॅट वाययूव्ही४२०पी, आवाज एएसी स्टिरिओ. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यावर बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

आयफोनवरून कायम अशाच टीव्हीसाठी व्हिडिओ घेत असाल तर रोज कन्व्हर्ट करण्यापेक्षा कॅमेरा, फॉरमॅट्स, ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करून टाका. जागा दुपटीने लागते: सेटिंगमध्ये दिलेल्या अंदाजानुसार १०८०पी, ३० फ्रेमचं एक मिनिट एचईव्हीसीत ६० एमबी, तर एच.२६४मध्ये १३० एमबी.

“२० एमबीच्या आत हवा”

स्पर्धेचे फॉर्म, नोकरीचे अर्ज, शाळेची पोर्टल्स यांचं हे आवडतं वाक्य. इथे लोक स्लायडर इकडेतिकडे सरकवून बघतात: २३ एमबी, मग ११ एमबी आणि चेहरा ओळखू येत नाही, मग परत २१. त्यापेक्षा हिशेब करा. २० एमबी म्हणजे १६० मेगाबिट. व्हिडिओ ३ मिनिटांचा, म्हणजे १८० सेकंदांचा असेल तर सेकंदाला सुमारे ८९० किलोबिट वाट्याला येतात. त्यातले ९६ आवाजाला द्या, थोडे हातचे राखा, चित्रासाठी साधारण ७०० उरतात. बिटरेटच्या खान्यात ७०० केबीपीएस लिहायचं, बस. एवढ्यात १०८०पी ठेवलं तर हलताना चौकटी चौकटी दिसतील, ४८०पी करा. एका जागी बसून बोलणाऱ्या माणसाचा व्हिडिओ असेल तर ७२०पीही निभावतं. लावणीचा असेल तर नाही.

सीआरएफ नावाचा पर्याय दिसला तर तो दर्जा ठरवतो, साइज नाही. एच.२६४च्या नेहमीच्या एन्कोडरमध्ये त्याचा मूळ आकडा २३ असतो. ६ ने वाढवला की फाइल साधारण निम्मी होते. घरी ठेवायच्या व्हिडिओसाठी हाच चांगला. साइजची अट असेल तिथे मात्र बिटरेटच.

जिथे ब्राउझरचा नाद सोडावा

रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली आणि फाइल राहिली, पण उघडत नाही: अशा फाइलमध्ये वर सांगितलेली अनुक्रमणिका लिहिलीच गेलेली नसते. “मूव्ह ॲटम नॉट फाउंड” असा संदेश आला तर हेच. कुठलीही कन्व्हर्ट करणारी साइट ती उघडू शकणार नाही, दहा साइट फिरू नका. संगणकावर अनट्रंक हे मुक्त साधन त्याच फोनने, त्याच सेटिंगवर घेतलेला दुसरा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून वापरून अशी फाइल कधीकधी सावरतं. तोवर ती फाइल पुसू नका.

ओटीटी ॲपमध्ये ऑफलाइन उतरवलेले सिनेमे कुलूपबंद असतात, ते कन्व्हर्ट होत नाहीत. आणि दोन-अडीच तासांचा ४के लग्नाचा व्हिडिओ फोनच्या ब्राउझरने करावा ही अपेक्षाच चुकीची. कुणाचा तरी लॅपटॉप मागा, त्यावर हँडब्रेक हे कन्व्हर्ट करणारं सॉफ्टवेअर टाका, ते फुकट आहे; त्यात ‘फास्ट १०८०पी३०’ निवडा आणि रात्रभर चालू ठेवा.

आणि मूळ फाइल लगेच डिलीट करू नका. नवा व्हिडिओ ज्या टीव्हीवर किंवा ज्या फॉर्ममध्ये जायचा आहे तिथे तो लावून बघा, शेवटच्या मिनिटापर्यंत सरकवून आवाज जुळतोय का ते ऐका, आणि मगच जागा मोकळी करा.